मानकुंवरला कुणी विचारलं?

पोंभुर्ण्यात एक धानाचा शेतकरी राहत होता. पाच-सहा एकरांच्या बांध्या, एक बैलजोडी, दोन मुलगे आणि त्यांच्या पाठची एक मुलगी. मुलगी मूलकडच्या एका गावात दिलेली. कापणी आटोपत आली होती, बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहिले होते आणि गावोगावी मंडई, म्हणजे रात्रीच्या नाटकांची जत्रा, सुरू झाली होती. त्या दिवसांत एका सकाळी ती पहिल्या एसटीनं एकटीच माहेरी आली. हातात एक कापडी पिशवी, दुसरं काही नाही.

काय झालं ते तिनं आईला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. मंडईसाठी सासरी पाहुणे जमले होते. रात्री नाटकाला जाण्याआधी पंगत बसली. तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं तिच्या नावानं आलेलं एक पत्र बाहेर काढलं. तिनं परिचारिकेच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता आणि तिचा नंबर लागला होता. त्यानं ते पत्र पाहुण्यांसमोर फाडलं, तुकडे तिच्या ताटात टाकले आणि म्हणाला, "नर्स व्हायचं असंल तर बापाच्या घरी जाऊन हो." पंगतीतलं कुणी काही बोललं नाही. दोघं-तिघं हसले. ती ताटावरून उठली आणि पहाट होईपर्यंत चुलीपाशी बसून राहिली.

आईकडून हे बापाच्या कानावर गेलं. तो तापट नव्हता, पण लेकीवर त्याचा जीव होता आणि चार माणसांत झालेला अपमान त्याच्या फार जिव्हारी लागला. दर चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला जाणारा तो माणूस. देवघरातल्या महाकालीच्या तसबिरीसमोर उभा राहून तो मोठ्यानं म्हणाला, "माय, त्याला माया पोरीच्या पायावर लोळवल्याबिगर तुया पायरीवर पाय ठेवणार नाही."

नवस बोलून झाल्यावर तो मागं घेता येत नाही, अशी आपल्याकडची समजूत. मुलग्यांना तेवढंच हवं होतं. थोरल्यानं मित्राचा छोटा हत्ती टेम्पो मागून आणला. धाकट्यानं बंडीच्या उभाऱ्या उपसल्या आणि गाडीत टाकल्या. चुलतभाऊ, मावसभाऊ धरून आठ-नऊ जण जमले. रात्री जेवण करून निघायचं, मध्यरात्रीच्या आत परत यायचं, असं ठरलं. अंगणात सगळे मोठमोठ्यानं बोलत होते. कुणी म्हणे हात मोडू, कुणी म्हणे गावातून वरात काढू. मुलगी आत सूप पुढं घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. दोन दिवसांत बाप तिच्याशी चार शब्दसुद्धा बोलला नव्हता. तिच्याकडं पाहिलं की त्याचे डोळे भरून यायचे, म्हणून तो तिच्यासमोर जाणंच टाळत होता.

शेतकऱ्याची थोरली बहीण चंद्रपूरला शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली होती आणि आता गावातच राहत होती. घरातले सगळे तिला बाई म्हणत. अंगणातला आवाज ऐकून ती आली. गाडीत डोकावली, उभाऱ्या पाहिल्या आणि भावाला म्हणाली, "बापू, काय ठरवलं रे?"

"नवस केला बाई. आता काही बोलू नको."

"कुणाला केला?"

"महाकालीले."

"मग महाकालीचीच एक गोष्ट आहे, ती ऐकून जा. तो काही तासाभरात पळून जात नाही."

थोरला वैतागला. पण बाईनं त्या अंगणातल्या निम्म्या पोरांना पाढे शिकवले होते. तिच्यासमोर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सगळे ओट्यावर बसले. तिनं मुलीला हाक मारली, "पोरी, सूप घेऊन इकडं ये. तुझ्यासाठीच सांगते आहे."

बाईनं सांगितलेली गोष्ट ती अशी.

चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, गोंडराजांची गादी होती. आधीची राजधानी बल्लारपूर. खांडक्या बल्लाळशहा नावाच्या राजाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, कुठल्याच औषधानं बऱ्या होईनात. एकदा शिकारीला गेला असताना झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी त्यानं प्यायलं, हातपाय धुतले आणि त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. त्याची राणी शहाणी होती. तिनं राजाला पुन्हा तिथं नेलं, तो खळगा मोकळा करून घेतला, राजाला त्या पाण्यानं आंघोळ घातली. तिथं अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढं त्याच भागात राजाच्या कुत्र्यामागं एक ससा उलटून लागला, तेव्हा या जागेत काही तरी सत्त्व आहे, इथं शहर वसवा, असं राणीनंच सुचवलं. ससा पळाला त्या वाटेनं परकोटाची आखणी झाली, असं चांद्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. म्हणजे हे शहर मुळात एका बाईच्या शब्दावर उभं राहिलं आणि राजानं तो शब्द ऐकला. बाईनं एवढं सांगून भावाकडं पाहिलं आणि पुढं गेली.

त्या घराण्यात पुढं बीरशहा राजा झाला. त्याची राणी हिराई. त्यांना एकच मुलगी, मानकुंवर. तिचं लग्न देवगडच्या राजघराण्यातल्या दुर्गपालाशी लावून दिलं. देवगड आज मध्य प्रदेशात, छिंदवाड्याच्या बाजूला येतं. त्या काळी ते चांद्याच्या तोडीचं गोंडांचं राज्य होतं. तिथल्याच बख्त बुलंदानं नागपूर वसवलं. दोन गोंड राज्यांची सोयरीक झाली, आता उत्तरेची चिंता मिटली, असं चांद्याच्या दरबाराला वाटलं असेल.

पण देवगडला मानकुंवरचा अपमान झाला. नवऱ्यानंच केला. ती बातमी चांद्याला आली तेव्हा बीरशहा पेटून उठला. त्यानं महाकालीसमोर शपथ घेतली की जावयाचं शीर कापून तुझ्यापुढं ठेवीन.

ओट्यावर सगळे एकदम गप्प झाले. धाकट्यानं बापाकडं पाहिलं. बाप खाली मान घालून बसला होता.

बीरशहानं फौज घेतली आणि देवगडवर चालून गेला. सोपं युद्ध नव्हतं. चांद्याची फौज मागं रेटली जात होती, राजा स्वतः संकटात सापडला, तेव्हा त्यानं महाकालीचा धावा केला आणि देवीनं हात दिला, असं सांगतात. दुर्गपाल मारला गेला. राजानं त्याचं डोकं चांद्याला आणलं आणि बोलल्याप्रमाणं देवीपुढं ठेवलं. पुढं हिराईनं महाकालीचं आजचं देऊळ उभारलं, तेव्हा दुर्गपालाचं दगडी शीर देवळाच्या माथ्यावर देवगडच्या दिशेला तोंड करून बसवलं, असं म्हणतात. चैत्रात मराठवाड्यातून, नांदेडकडून, तेलंगणातून हजारो माणसं येतात, झरपटीत आंघोळी करतात, देवीची गाणी म्हणत रात्र जागवतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ही शिराची गोष्ट माहीत असते.

"बरोबर केलं राजानं," थोरला म्हणाला. "पोरीच्या अंगावर कोणी हात टाकला, नाव ठेवलं, त बापानं चूप बसाव काय?"

"चूप बसावं असं मी म्हटलं नाही," बाई म्हणाली. "एक सांग. या सगळ्या गोष्टीत मानकुंवर काय म्हणाली?"

थोरल्याला सांगता येईना.

"मी किती वर्षं ही गोष्ट सांगते आहे. राजा काय बोलला ते गोष्टीत आहे. देवीनं काय केलं ते आहे. तलवारीचं वर्णन आहे, युद्धाचं आहे. मानकुंवरच्या तोंडी एक वाक्य नाही. तिला नवरा सोडायचा होता का, चांद्याला परत यायचं होतं का, त्यानं चार माणसांत माफी मागावी एवढंच तिला हवं होतं का, की खरंच त्याचं शीर हवं होतं? असेलही. पण तिला कुणी विचारलेलं नाही. अपमान तिचा झाला, शपथ बापानं घेतली, युद्ध फौजेनं केलं, आणि शेवटी विधवा कोण झाली? तीच. सासरच्यांनी नाही केली तिला विधवा. बापानं केली, आणि तिच्या नावानं केली."

मला स्वतःला या कथेतली ही जागा सगळ्यात जड वाटते. बीरशहाचं प्रेम खोटं नव्हतं. प्रेम नसतं तर त्यानं एवढा खटाटोप केलाच नसता. पण लेकीवरच्या प्रेमात तो एवढा बुडाला की लेकच त्याला दिसेनाशी झाली. आपल्या घराघरांतून हेच होतं. मुलीचा अपमान म्हणजे घराण्याचा अपमान ठरतो आणि एकदा तो घराण्याचा झाला की मुलगी बाजूला पडते. मग बापाचं नाक, भावांची मर्दुमकी, गावात काय बोलतील, यांचाच हिशोब चालतो.

मुलगी इतका वेळ शेंगा सोलत होती. तिनं हात थांबवला. "आत्याबाई, ते डोकं देवळावर राणीनंच बसवलं ना? म्हणजे तिलेबी ते पटलंच होतं."

"हा प्रश्न माझ्या वर्गात एकाही मुलानं विचारला नव्हता," बाई म्हणाली. ती जरा वेळ थांबली. "लोक म्हणतात, विजयाची खूण म्हणून बसवलं. तसं असेल. राणी होती, राज्याचा दरारा ठेवायला हवा होता. पण ती आईसुद्धा होती ना गं? त्या देवळाच्या पायऱ्या मानकुंवर चढली असेल तर मान वर केल्यावर तिला काय दिसलं असेल, हे आईला कळलं नसेल? हिराई मोठी होती म्हणून तिचं सगळंच बरोबर, असं मी म्हणणार नाही. ते शीर बसवायला नको होतं, असं माझं मत आहे. पण पुढं तिच्यावर जी वेळ आली, त्या वेळी तिनं काय केलं ते ऐक."

राजाला मुलगा नव्हता. गादीला वारस हवा म्हणून दुसऱ्या लग्नाचं ठरलं, असं सांगतात. लग्नाची गडबड चालू होती आणि त्याच वेळी राजाच्या पदरी असलेल्या हिरामण नावाच्या रजपुतानं राजाला ठार केलं. हिरामण तलवारबाज म्हणून नावाजलेला. त्याच्या तलवारीत काही तरी जादू आहे असं लोक म्हणत आणि ती दाखव म्हणून राजा त्याच्या मागं लागला होता, अशी कथा आहे. ज्या तलवारीचं राजाला कुतूहल होतं, तिनंच त्याचा जीव घेतला. हे १७०४च्या सुमाराचं.

आता हिराईकडं बघा. नवरा गेला, तोही दुसऱ्या लग्नाच्या तयारीत असताना. मुलगी विधवा. मुलगा नाही. उत्तरेला देवगड, ज्याच्या दुर्गपालाचं शीर आपल्या देवीपुढं ठेवलेलं. वर दिल्लीची बादशाही, औरंगजेब अजून दक्षिणेत होता. दरबारात चार लोक चार बाजूंना ओढणारे. अशा वेळी ती शपथ घेऊ शकली असती. हिरामणाचं घरदार, त्याची जात, त्याचे सोबती, सगळ्यांवर तलवार चालवली असती तर कुणी तिला अडवलं नसतं. उलट पोवाडे झाले असते.

इथं बाईनं एक दूरची गोष्ट मध्येच घेतली. म्हणाली, इतिहास शिकवताना ही मी मुलांना नेहमी सांगायची. रशिया आणि युक्रेन हे देश होण्याच्या कितीतरी आधी त्या मुलखात रूस नावाचं राज्य होतं, त्याची राजधानी कीव. तिथला राजा इगोर ९४५ साली द्रेवल्यान नावाच्या जमातीकडं खंडणी वसूल करायला गेला. एकदा घेतली, हाव सुटली, पुन्हा मागायला वळला, आणि त्यांनी त्याला मारलं. त्याची राणी ओल्गा, मांडीवर लहानगा मुलगा स्व्यातोस्लाव. मारेकऱ्यांनी उलट तिलाच मागणी घातली की आमच्या राजाशी लग्न कर. त्यांचे दूत आले, त्यांना तिनं होडीसकट खड्ड्यात पुरलं. दुसरे आले, त्यांना न्हाणीघरात कोंडून जाळलं. मग नवऱ्याच्या श्राद्धाला म्हणून तिकडं गेली, दारू पाजली आणि हजारो माणसं कापली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या इस्कोरोस्तेन गावाला वेढा घातला आणि गाव पडेना तेव्हा म्हणाली, मला काही नको, घरटी तीन कबुतरं आणि तीन चिमण्या द्या. लोक खूश झाले. तिनं त्या पाखरांच्या पायाला गंधक गुंडाळलेल्या चिंध्या बांधल्या, पेटवल्या आणि सोडून दिल्या. पाखरं आपापल्या वळचणीला परतली आणि सगळं गाव जळालं. तिकडच्या जुन्या बखरीत हे असं लिहिलेलं आहे.

"हे झालं त्याला म्हणतात बदला," धाकटा म्हणाला. त्याला पाखरांची युक्ती आवडली होती.

"ओल्गा काही नुसती बदला घेणारी नव्हती," बाई म्हणाली. "पुढं तिनं कर ठरवून दिले, वसुलीची ठाणी बसवली, म्हणजे नवऱ्याचा जीव ज्या मनमानी वसुलीत गेला तीच बंद केली. मुलगा मोठा होईपर्यंत राज्य सांभाळलं. कॉन्स्टॅन्टिनोपलला जाऊन तिनं ख्रिस्ती धर्म घेतला, आज त्यांची ती संत आहे. पण ज्याच्यासाठी राज्य राखलं तो मुलगा? तो आयुष्यभर लढायाच करत फिरला आणि ९७२ साली घरी परतताना वाटेतच मारला गेला. त्यानं लहानपणी घरात काय पाहिलं होतं, ते तू सांग."

धाकटा काही बोलला नाही.

हिराईनं बदल्याची शपथ घेतल्याची गोष्ट चांद्यात कुणी सांगत नाही. सांगतात ते वेगळं. तिनं चंदनखेड्याच्या भाऊबंदांतला एक लहान मुलगा मांडीवर घेतला, रामशहा. त्याच्या नावानं स्वतः कारभार पाहिला, १७०४ ते १७१९, पंधरा वर्षं. नवऱ्याची समाधी बांधली. अंचलेश्वराच्या देवळाला लागून गोंडराजांच्या समाध्या आहेत, त्यांत बीरशहाचीच सगळ्यांत मोठी आणि देखणी आहे. दुसरं लग्न करायला निघालेल्या नवऱ्यासाठी बांधलेली समाधी आहे ती, हे लक्षात ठेवून बघा. महाकालीचं देऊळ उभारलं. या दोन वास्तूंमुळं तिचं नाव राहिलं हे खरं, पण माझ्या मते तिचं खरं बांधकाम रामशहा हेच होतं. दुसऱ्याच्या पोटचं पोर तिनं असं वाढवलं की मोठा झाल्यावर त्यानं नुसतं राज्य केलं नाही, लोक त्याला साधुपुरुष मानू लागले. मराठा सरदार रघूजी भोसले चांद्याकडं मनात काही तरी धरून आला होता, पण रामशहाला भेटल्यावर हात जोडून परत गेला, असं सांगतात. आणि मुलगा हाताशी आल्यावर तिनं कारभार त्याच्या स्वाधीन केला. पंधरा वर्षं सत्ता हातात असलेलं माणूस ती सोडत नाही, हे आपण रोज पाहतो. तिनं सोडली.

रामशहाच्या पाठी त्याचा मुलगा नीलकंठशहा आला. तो बापासारखा निघाला नाही. बापाच्या वेळची कारभारी माणसं त्यानं दुखावली, घरचेच फिरले आणि १७५१ साली चांदा भोसल्यांच्या ताब्यात गेलं. नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत मेला. हिराईची पंधरा वर्षं आणि रामशहाची सोळा, एवढाच त्या गादीचा शेवटचा बरा काळ.

बाईनं गोष्ट इथं थांबवली. अंधार पडला होता. रात्री जंगलकडेच्या रस्त्यानं वाघाच्या भीतीनं कुणी फारसं जात नाही, तरी छोटा हत्ती दारात तयार होता. थोरला उठला. "गोष्ट चांगली हाये बाई. पण आमाले निघाव लागते."

"निघा. मी कुठं अडवते? फक्त एक काम करा. बीरशहानं केलं नाही ते करा."

बाप उठला. दोन दिवसांत पहिल्यांदाच मुलीसमोर येऊन बसला. त्याला नीट बोलता येईना. शेवटी म्हणाला, "बेटा, तुले काय पाहिजे, सांग."

मुलगी लगेच बोलली. म्हणजे ते तिच्या मनात दोन दिवस तयारच होतं. "माझी पेटी पाहिजे. लोखंडी, खाटेखाली हाये. त्यात दहावी-बारावीचे कागद हायेत, जातीचा दाखला हाये, शाळा सोडल्याचा दाखला हाये. सोमवारी चंद्रपूरले पडताळणी हाये, मूळ कागद नसले तर नंबर जाते. फाडलं ते नुसतं पत्र होतं, बाबा. पत्राची दुसरी प्रत मिळते. कागद मिळत नाही."

"आन तो?" थोरल्यानं विचारलं. "त्याले तसंच सोडाव?"

"तुम्ही आज जाऊन मारलं त उद्या पोलीस येईल. ते लोक पेटी देतील? तुमी दोघं ठाण्यात बसान, बाबा कोर्टात फिरतील आन सोमवार निघून जाईल." ती जरा थांबली. "त्यानं मले मारलं नाही. मारलं असतं त मीच ठाण्यात गेली असती. पण ज्या पंगतीत कागद फाडला, त्या पंगतीतल्या माणसांसमोर त्यानं चुकलो म्हणावं. ते म्हणेपर्यंत मी त्या घरात पाय ठेवणार नाही. म्हटलं तरी ठेवीन का नाही, ते मी ठरवीन."

कुणी काही बोललं नाही. मग धाकटा उठला, गाडीकडं गेला आणि एकेक उभारी काढून बंडीत परत बसवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीत बाप, बाई, मुलगी, पोलीस पाटील आणि गावातले दोन म्हातारे सासरी गेले. भाऊ घरीच थांबले, ती अट मुलीचीच होती. सासरच्या गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षालाही आधी निरोप दिला होता. जावयाला वाटलं होतं मारायला येतील, म्हणून त्यानंही आपली माणसं जमवून ठेवली होती. म्हाताऱ्यांना बघून ती माणसं हळूहळू पांगली. मुलगी उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "आई, खाटेखालची पेटी द्या." सासू आत गेली आणि पेटी घेऊन आली. पंगतीत ती सुद्धा गप्प बसली होती. पेटी हातात देताना तिच्या तोंडून निघालं, "मले बोलाले पाहिजे होतं वो, बाई." मुलीनं तिथंच कुलूप उघडून कागद मोजून घेतले.

जावई ओसरीवर उभा होता. शेतकऱ्याचे हात थरथरत होते, हे बाईनं पाहिलं. पण तो जावयाशी एक शब्द बोलला नाही. बोलायचं ते मुलीनं बोलावं, हे ठरलं होतं. तिनं अटीचं तेवढं सांगितलं आणि समितीच्या अध्यक्षानं ते वहीत लिहून घेतलं.

सोमवारी बाप तिच्यासोबत चंद्रपूरला गेला. पडताळणी झाली, प्रवेश झाला. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्यानं धानाचे पैसे आले त्यातून रक्कम काढली आणि बैलजोडी बदलायची राहू दिली. नवसाचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. त्यानं बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "तू देवीला बोललास, पोरीला न विचारता. आता तिला घेऊनच जा आणि जे झालं ते देवीला सांग. देवीला कळतं." चैत्रात तो मुलीला घेऊन गेला. झरपटीत आंघोळ करून दोघं रांगेत लागले. दर्शन झाल्यावर मुलगी म्हणाली, मला समाधी बघायची आहे. म्हणून ती दोघं अंचलेश्वराकडं जाऊन बीरशहाची समाधी बघून आली.

जावई त्याच वर्षी दिवाळीत पोंभुर्ण्याला आला आणि अंगणात सगळ्यांसमोर चुकलो म्हणाला. मुलीनं सांगितलं की हे इथं नाही, तिथं म्हणायचं होतं. तो परत गेला. पुढच्या मंडईला त्यानं आपल्या घरी पंगत घातली, त्याच पाहुण्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर म्हणाला. तिला हे सासूनं फोन करून कळवलं.

आज ती एका उपकेंद्रात परिचारिका आहे. पोलिओच्या डोसाला, गरोदर बायकांच्या तपासणीला वाड्या-वस्त्यांवर फिरते. नवरा महिन्यातून एकदा भेटायला येतो, ती त्याला चहा करून देते. नांदायला जायचं की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही, आणि घरातलं कुणीही तिला त्याबद्दल घाई करत नाही.